सोपाऱ्याच्या बाजारातील घोडे आणि त्यांच्या रंगांची नावे

नालासोपारा स्थानकाच्या पूर्वेस तुळिंज आणि पश्चिमेस सोपारा गाव. आज या परिसराची ओळख दाट वस्ती आणि गजबजलेली दुकाने अशी असली, तरी येथील व्यापाराची परंपरा फार जुनी आहे. प्राचीन शूर्पारक बंदर ते हेच. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा येथे १८८२ मध्ये मिळाला आणि या बंदराच्या प्राचीनतेला दगडी साक्ष लाभली. मात्र या बंदरातील व्यापारी एकत्र बसून काय बोलत असत, हे दगडातून कळत नाही. ते कळते एका जैन कथाग्रंथातून.

उद्द्योतनसूरींनी ‘कुवलयमाला’ हा प्राकृत ग्रंथ इ. स. ७७९ मध्ये राजस्थानातील जालोर येथे पूर्ण केला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील विद्वान डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी त्याचे संपादन केले आणि १९५९ मध्ये त्याची मूळ संहिता प्रसिद्ध झाली. क्रोध, मान, माया, लोभ आणि मोह यांच्या आहारी गेलेल्या पाच जीवांच्या कथा त्यात गुंफल्या आहेत. त्यांतील लोभाची कथा सोपाऱ्यात घडते आणि तिची सुरुवात होते घोड्यांच्या व्यापाराने.

तक्षशिलेजवळच्या गावातील एक व्यापारीपुत्र वडिलांची अनुमती घेऊन घोड्यांसह दक्षिणेस निघतो. त्याच्या स्वभावामुळे लोक त्याला लोभदेव म्हणत. सोपाऱ्यात भद्रश्रेष्ठी नावाच्या वृद्ध व्यापाऱ्याकडे तो उतरतो आणि घोडे विकून भरपूर नफा मिळवतो. परगावाहून आलेल्या व्यापाऱ्यांना गंध, तांबूल आणि माळा देऊन त्यांचे अनुभव ऐकण्याची तेथे प्रथा होती. त्या मेळाव्यात एक जण सांगतो, की घोडे घेऊन कोसलास गेलो आणि मोबदल्यात हत्तीची पिल्ले आणली. दुसरा म्हणतो, की सुपारी घेऊन उत्तरापथास गेलो आणि तेथून घोडे आणले. कथा कल्पित असली, तरी कोणता माल कोठून येतो आणि कोठे जातो, याची व्यवहारी जाण त्यामागे स्पष्ट दिसते.

याच ग्रंथात अन्यत्र घोड्यांच्या अठरा जाती सांगितल्या आहेत. त्यांत सैंधव आहेत, हूण आहेत, खसही आहेत. त्यापुढे ग्रंथकार एक महत्त्वाचा भेद करतात. वोल्लाह, कयाह, सेराह ही नावे जातीची नसून वर्ण आणि लांछन यांवरून पडलेली आहेत, असे ते नोंदवतात. आज व्यवहारात ‘लांछन’ म्हणजे कलंक असा अर्थ रूढ आहे. परंतु तीर्थंकरांची लांछने जाणणाऱ्या आपल्या वाचकांना त्याचा ‘खूण’ हा मूळ अर्थ सांगावयास नको. तिसरे तीर्थंकर संभवनाथ यांचे लांछन तर अश्वच आहे.

या नावांचा नेमका अर्थ सुमारे चारशे वर्षांनंतरच्या एका कोशात मिळतो. आचार्य हेमचंद्रांच्या ‘अभिधानचिंतामणी’त घोड्यांच्या रंगांची मोठी मालिकाच आहे. पांढरा तो कर्क, अमृतासारख्या वर्णाचा सेराह, काळा खुंगाह, तांबडा क्रियाह, चित्रविचित्र ठिपक्यांचा हलाह. अंग पिंगट, पण आयाळ आणि शेपटी फिकट असेल, तर तो वोल्लाह. हे शब्द बहुतांशी देशी आहेत, असे हेमचंद्र स्वतःच सांगतात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे प. कृ. गोडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांचा संबंध इराण-अरबस्तानाकडून होणाऱ्या घोडेव्यापाराशी जोडला आहे. म्हणजे घोड्यांबरोबर त्यांच्या रंगांची नावेही परदेशातून येथे आली असावीत.

इतक्या बारीक भेदांची गरज का पडली असेल? उघड्या डोळ्यांनी ओळखता येणारी आणि शब्दांत सांगता येणारी खूण म्हणजे रंग. त्यातही फसगतीला वाव होताच. पांढरे दिसणारे बहुतेक घोडे जन्मतः गडद रंगाचे असतात आणि काही वर्षांत हळूहळू पांढरे होतात. केस पांढरे झाले, तरी खालची कातडी काळीच राहते. हे ठाऊक नसलेल्याला शिंगराचा रंग पाहून पुढचा घोडा कसा निघेल, हे कळणे कठीण.

रंगांची ही नजर चित्रकारांपाशीही होती. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात पाचव्या शतकातील चित्रकारांनी सिंहल या व्यापाऱ्याची कथा रंगवली आहे. राक्षसींच्या बेटावरून त्याला सोडवणारा घोडा शुभ्र आहे. तो दिव्य असल्याने त्याचा रंग कल्पनेतला म्हणता येईल. पण चित्रातला प्रत्येक अनोखा रंग कल्पनेतलाच असतो, असे नाही. फ्रान्समधील पेश-मेर्ल गुहेत सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे ठिपक्यांचे घोडे रंगवलेले आहेत. असे घोडे त्या काळी नसावेत, अशी शंका घेतली जात असे. २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी माणसाळण्यापूर्वीच्या ३१ घोड्यांच्या अवशेषांतील जनुके तपासली, तेव्हा ६ घोड्यांत ठिपक्यांचे जनुक आढळले. आदिमानवाने पाहिलेलेच रंगवले असणे शक्य आहे, हे त्यातून दिसले.

मराठीतही कुमाईत, अबलख, पंचकल्याणी हे शब्द रुळले होते. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या घोडेबाजारात रंग आणि खुणा आजही पारखल्या जातात. शहरात मात्र वरातीच्या घोडीपलीकडे हे शब्द कानी पडत नाहीत. वोल्लाह आणि सेराह तर बाजारातून केव्हाच गेले. ते आज आपल्याला ठाऊक आहेत, कारण जैन ग्रंथकारांनी बाजारातील बोलीला तुच्छ न लेखता ती ग्रंथांत जपली. आपल्या घराण्यांतील जुन्या चोपड्यांत कापड, धान्य आणि मसाले यांची अशी किती नावे पडून असतील! घरातील वडीलधारी मंडळी अर्थ सांगू शकतात, तोवर ती उतरवून ठेवावयास हवीत.

आणि लोभदेवाचे काय झाले? सोपाऱ्यातल्या नफ्याने त्याचे समाधान झाले नाही. सात वेळा जहाज बुडालेल्या भद्रश्रेष्ठीला त्याने रत्नद्वीपाच्या सफरीस राजी केले आणि परतीच्या वाटेवर, वाटणी टाळण्यासाठी, त्यालाच समुद्रात ढकलले. पुढे बऱ्याच हालअपेष्टांनंतर पश्चात्तापाने त्याने दीक्षा घेतली. घोडे विकून भरपूर कमावणाऱ्या या माणसाला स्वतःच्या मनावर चढणारा रंग वेळीच ओळखता आला नाही. उद्द्योतनसूरींनी ही कथा सोपाऱ्याच्या बाजारात का घडवली असेल, हे व्यापारी कुटुंबांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.