दोन तासांचा हिशेबनीस

आमच्या भडगावच्या कापडपेठेत पूर्ण वेळ मुनीम ठेवणे आता थोड्यांनाच परवडते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, तेव्हापासून आम्ही दरमहा १० ते २० तारखेपर्यंत कॉमर्स शिकलेल्या मुलाला रोज दोन तास बोलावतो. तो अशी चार दुकाने करतो. २० तारखेला विवरणपत्र चुकले की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क! तरी त्याचे पैसे मात्र "ईदनंतर पाहू" म्हणणारे आपल्यातच आहेत. एका वर्षी आम्हीही म्हणालो. मुलगा पाचोऱ्याला निघून गेला आणि ओटीपी त्याच्याच मोबाईलवर येत राहिला. त्याला थकलेला मेहनताना पोचवला, तेव्हा विवरणपत्र भरले गेले. नव्या मुलाचा मेहनताना आम्ही पहिल्याच दिवशी वहीत लिहिला. नंबर आमचा दिला.