पांढरीच्या पोटात

दिवाळीच्या सारवणासाठी यंदा ढाणकीच्या आमच्या घरी पांढरीच्या मातीची एक पाटी आली. जुने गाव उठून गेले, की मागे जी राखट माती उरते ती पांढरी. त्या मातीतून खापराचा एक तुकडा निघाला. आत काळा, बाहेर तांबडा. माती आणणारे शेतकरी काका घाईने म्हणाले, "सर, हे कोणाला दाखवू नका जी. सरकारी माणसं येतील, वावर जाईल अन् खरं काय ते पेटीत बंद होईल."

वाचकहो, मी हसलो खरा. पण काकांचा संशय अगदीच निराधार आहे, असे छातीवर हात ठेवून सांगता येईना.

तामिळनाडूतील कीळडीचेच पाहा. तेथील उत्खननाचे प्रमुख अमरनाथ रामकृष्ण यांची 2017 साली आसामात बदली झाली. त्यांनी 2023 च्या जानेवारीत 982 पानांचा अहवाल दिला. 2025 च्या मे महिन्यात पुरातत्त्व खात्याने तो दुरुस्तीसाठी परत केला. त्यांनी कालनिर्णय बदलण्यास नकार दिला. अशा वेळी लोकांनी कुजबुजू नये तर काय करावे?

पण दुसरी बाजूही ऐकावी. नगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद येथे 1974 साली एका भिल्ल गृहस्थाला झुडपाखाली खणताना चार ब्राँझमूर्ती सापडल्या: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. वजन साठ किलोहून अधिक! त्या मूर्ती उत्तर हडप्पाकालीन, असे ढवळीकरांचे मत. धातूतील सोमलाच्या प्रमाणावरून अगरवालांनी शंका घेतली. हा वाद उघड छापला गेला. मात्र 1976 ते 1979 च्या उत्खननाचा साळी यांचा अहवाल प्रसिद्ध झाला तो 1986 साली. सात वर्षे! दडपणे वेगळे आणि रखडणे वेगळे. पण बाहेर उभ्या असलेल्याला दोन्ही सारखीच दिसतात.

मग मी काकांना 1878 चा निखात निधीचा कायदा समजावून सांगितला. दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यास कळवावी. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या ठेव्याला धनी नसेल आणि वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा. सरकारने वस्तू ठेवून घेतली, तर किमतीवर आणखी पाचवा हिस्सा द्यावा. वावर घेण्याचे कलम त्या कायद्यात नाही.

काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे आम्हाला आजवर कोणी सांगितलंच नाही."

खरी गोम येथेच आहे. सरकार अहवाल कपाटात ठेवते, गाव खापर उकिरड्यावर टाकते. मध्ये इतिहास मात्र मुका होतो.

आम्ही दोघांनी मिळून नागपूरच्या पुरातत्त्व कार्यालयास पत्र लिहिले. तुकडा कोठल्या टेकाडाचा, किती खोलीवरचा, सारे नोंदले. काकांनी खाली सही केली आणि म्हणाले, "आता उत्तर येते का, ते पाहू."

त्या उत्तराची वाट आम्ही दोघेही पाहत आहोत.