गप्प बसून बघण्याचं काम

"ताई, परीक्षा तुमची नाही, वेबसाइटची आहे. मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा." चाचणी घेणारी मुलगी एवढं सांगते आणि गप्प बसते. समोरच्या बाईंना लेकीचा शिष्यवृत्तीचा अर्ज मोबाइलवर भरायचा आहे.

जन्मतारखेलाच गाडी अडते. रकान्यावर बोट ठेवलं की कॅलेंडर उघडतं, तेही चालू महिन्याचं. लेक २००८ची. बाई मागे जाणारा बाण दाबू लागतात, एकेक महिना. वर्षावर बोट ठेवलं तर वर्षांची यादी उघडते. पण तशी खूण कुठेच नाही. शेजारच्या खोलीत पडद्यावर हे बघणारा प्रोग्रामर चुळबुळतो. जाऊन सांगावंसं वाटतं, पण सांगायचं नाही हाच नियम. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळावर यासाठी दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने असतात. पाठ असलेली तारीख कुणाला शोधायला का लावावी?

पुढे उत्पन्नाचा दाखला. बाई पिशवीतून कागद काढतात, नीट सरळ करून फोटो घेतात. उत्तर येतं, 'फाइलचा आकार मर्यादेपेक्षा जास्त आहे'. मर्यादा किती, फाइल लहान कशी करायची, काही नाही. बाई म्हणतात, "माझंच काहीतरी चुकलं असेल."

मला हे वाक्य फार लागतं. यंत्राचा दोष माणसं स्वतःवर घेतात, हे डिझाइनचे अभ्यासक डॉन नॉर्मन यांनी १९८८ सालच्या पुस्तकात दाखवून दिलं होतं. म्हणूनच तक्रार येत नाही. अर्ज अर्धवट राहतो आणि दुसऱ्या दिवशी नेट कॅफेवाल्याला पैसे देऊन भरला जातो. शेवटी "वेबसाइट कशी वाटली?" असं विचारल्यावर याच बाई म्हणाल्या, "छान आहे की!" मतं विचारण्यापेक्षा हात कुठे थांबतो ते बघावं, ते यासाठी.

वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत याचा अभ्यास करणाऱ्या जेकब निल्सन यांनी २००० साली सुचवलं की एकच मोठी चाचणी घेण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या छोट्या चाचण्या घ्या, मधे दुरुस्त्या करा. आपल्याकडे मात्र लोकांना बोलावतात ते सगळं बांधून झाल्यावर, उद्घाटनाच्या तोंडावर. तेव्हा काही बदलायची कुणाची तयारी नसते. पानं कागदावर पेन्सिलीनं काढलेली असतात तेव्हाच बोलवायला हवं. खोडायला तेव्हा काहीच लागत नाही.

या चाचणीनंतर मात्र त्याच दुपारी कॅलेंडर गेलं. फोटो लहान करायचं काम वेबसाइटनंच करायचं ठरलं. पुढच्या पाचांत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणारा एक दृष्टिहीन विद्यार्थी असेल, आणि त्याला दाखल्याचा फोटो एकट्याला काढता येतो का, हे आधी बघायचं आहे.