उन्हाचा रंग आणि जन्माचा वर्ण

जळगांव-धुळ्याकडे लग्नाच्या मुलीस चैत्र-वैशाखांत उन्हांत जाऊं देत नाहींत. रंग रापेल, ही भीति. ह्या भीतींत थोडें सत्य आहे व पुष्कळसें अज्ञान आहे. दोहोंची वांटणी करणें अवश्य आहे, कारण अज्ञानापायीं प्रकृतीच धोक्यांत येऊं लागली आहे.

वाग्भटानें त्वचेच्या कांतीचें कारण म्हणून भ्राजक पित्त सांगितलें. आजचें शास्त्र मेलॅनिन नांवाचें रंगद्रव्य दाखवितें. बाह्यत्वचेच्या तळाशीं असलेल्या विशिष्ट पेशी तें निर्माण करितात. गोऱ्या व सांवळ्या माणसांत ह्या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. भेद असतो तो रंगद्रव्याच्या प्रमाणांत व प्रकारांत, आणि तो वंशपरंपरेनें येतो.

उन्हांतील अतिनील किरण पेशींच्या केंद्रास इजा करितात. इजा होतांच रंगद्रव्य वाढतें व केंद्रावर छत्रीसारखें पसरतें. म्हणजे रापणें हा त्वचेचा दोष नव्हे, बचाव होय. हा रंग दोन-तीन दिवसांनीं उमटतो आणि ऊन टाळल्यास कांहीं आठवड्यांत ओसरतो. मूळ वर्ण तोच राहतो.

खानदेशांत उष्णतामान ४५ अंशांवर जातें. परंतु त्वचा रापते ती मुख्यतः किरणांनीं, उष्णतेनें नव्हे. म्हणूनच कार्तिकांत कापूस वेचणारी बाईहि रापते, व मोटारीच्या कांचेआडहि कांहीं किरण गांठतातच. आपला अक्षांश सुमारें २१; मेअखेर व जुलैच्या मध्यास सूर्य थेट माथ्यावर येतो. आपली सावली उंचीहून आंखूड असेल तेव्हां किरण प्रखर समजावे, व डोकें आणि हात सुती वस्त्रानें झांकावे. मात्र मुलीस घरांत कोंडूं नये. ड जीवनसत्त्व उन्हावांचून पुरेसें होत नाहीं, आणि सांवळ्या त्वचेस ऊन अधिक वेळ लागतें.

खरा धोका गोरेपणाच्या बेनामी मलमांत आहे. त्यांतील कांहींत पारा असतो. तो रंगद्रव्याची निर्मिति अडवितो खरा, पण त्वचेंतून रक्तांत शिरून मूत्रपिंडें बिघडवितो. वऱ्हाडांत अकोल्यास एकाच घरांतील तिघींना अशा मलमानें मूत्रपिंडाचा विकार जडल्याचें वृत्त सन २०२३ मध्यें प्रसिद्ध झालें. ज्या डबीवर घटक व उत्पादकाचा पत्ता नाहीं, ती घरांत आणूं नये.

शेवटीं एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. ह्या मलमांस गिऱ्हाईक पुरवितों तें आपणच, वर्ण पाहून सून निवडणारीं घरें. स्थळ पाहतांना 'मुलगी गोरी आहे ना?' हा प्रश्न वडीलधाऱ्यांनीं सोडावा. मुलींच्या हातांतील डबी मग आपोआप सुटेल.