ना सरकारचा, ना कंपनीचा!

सरकार 'ऑनलाईन' झाले आहे असे मंत्रीमहोदय प्रत्येक भाषणात सांगतात. आम्ही ते नाकारत नाही. रहिवासी दाखला, घरपट्टीचा उतारा, पीक विमा, शिष्यवृत्ती, सारे संगणकावर आले. पण हा संगणक चालवतो कोण? हजारावर ग्रामपंचायती असलेल्या बीड जिल्ह्यात त्याचे उत्तर सोपे आहे. ग्रामपंचायतीच्या एका कोपऱ्यात, पंख्याखाली बसलेला पोरगा किंवा पोरगी. कागदावर त्याचे नाव संगणक परिचालक. गाव त्याला 'ऑपरेटर' म्हणते आणि सरकारचा सगळा राग त्याच्यावर काढते.

त्याचा दिवस कसा जातो ते पाहा. सकाळी लाईट नसते. लाईट आली की नेट नसते. नेट आले की सर्व्हर डाऊन. तोवर दारात वीस माणसे जमलेली असतात. सर्व्हर मुंबईत बसला आहे की दिल्लीत, हे म्हाताऱ्या माणसाला काय ठाऊक? तो म्हणतो, "काल बी सर्व्हर, आज बी सर्व्हर! तुलाच काम करायचं न्हाई!" मशीन बिघडले तर दुरुस्तीची धावपळही त्याचीच. आणि वरून ग्रामसेवकाचा तगादा वेगळा, की नमुना 1 ते 33 ची नोंद अजून का झाली नाही?

बीडचे दुखणे आणखी वेगळे आहे. हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दिवाळीनंतर धारूर, वडवणी, केज, पाटोद्याच्या वाड्यावस्त्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यावर जातात. कोयता धरून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचा अंगठा मशीन घेत नाही. श्रम करणाऱ्याचा हातच त्याची ओळख नाकारतो, यापेक्षा क्रूर थट्टा कोणती? 2017 मध्ये शेतकरी कर्जमाफीचे अर्ज ऑनलाईन भरून घेतले. नवरा-बायको दोघांनाही केंद्रावर बोलावले. त्या जुलै ते सप्टेंबरमध्ये राज्यभरातल्या परिचालकांनी रात्र रात्र जागून अर्ज भरले, कारण दिवसा सर्व्हर चालतच नव्हता. त्याच शैक्षणिक वर्षात महाडीबीटी पोर्टल आले. तेही अडखळले, आणि आमच्या विद्यार्थ्यांची भारत सरकार शिष्यवृत्ती लटकली. पोर्टल बनवणाऱ्याला कोणी जाब विचारला नाही. शिव्या खाल्ल्या त्या खिडकीवर बसलेल्याने.

आता त्याच्या पगाराचे पाहू. त्याला पगार म्हणत नाहीत, 'मानधन' म्हणतात. 2011 मध्ये 'संग्राम' प्रकल्प आला, 2015 च्या अखेरीस तो संपला. 2016 मध्ये 'आपले सरकार सेवा केंद्र' आले. पाटी बदलली, माणूस तोच राहिला. या केंद्रासाठी ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीतून महिन्याला 12,331 रुपये घेण्याचे ठरले. परिचालकाच्या वाट्याला त्यातले 6,000 ठेवले. बाकीचे साहित्य, देखभाल आणि व्यवस्थापनाच्या नावे. म्हणजे पैसा गावाचा, राबणारा गावचा, आणि हिशेब मधल्या कंपनीचा! पुढे नागपूर आणि मुंबईत मोर्चे काढल्यावर मानधन थोडे वाढले. पण महिनोन् महिने ते थकते ही तक्रार काही संपली नाही. विचारायला गेले की पंचायत समिती म्हणते कंपनीला विचारा, आणि कंपनी म्हणते जिल्हा परिषदेकडून निधी आला नाही. काम सरकारचे, पण माणूस ना सरकारचा, ना कंपनीचा.

हा केवळ पगाराचा प्रश्न आहे काय? आमच्या मते नाही. संविधानाच्या कलम 16 (4) ने मागासवर्गीयांना सरकारी सेवेत प्रतिनिधित्व दिले. ते प्रतिनिधित्व पदावर मिळते. जिथे पदच नाही, फक्त 'सेवा' विकत घेतली जाते, तिथे बिंदुनामावली कुठून येणार? आरक्षण रद्द करण्यासाठी आता कायदा बदलावा लागत नाही, एक कंत्राट पुरते. 6 सप्टेंबर 2023 च्या शासन निर्णयाने नऊ कंपन्यांमार्फत सरकारी पदे भरायचे ठरले होते. राज्यभर तरुणांचा संताप उसळला, तेव्हा ऑक्टोबर 2023 मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. पण गावपातळीवर तेच सूत्र 2011 पासून सुरू होते, त्याकडे आपले लक्ष किती गेले?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतील दलित कामगारांपुढे बोलताना ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते. कंत्राटी पद्धतीत हे दोन्ही शत्रू एकाच टेबलावर बसलेले दिसतात. एकाला स्वस्तात श्रम मिळतो, दुसऱ्याचे आरक्षणाचे ओझे टळते. त्याच बाबासाहेबांनी व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना किमान वेतनाचे विधेयक 1946 मध्ये मांडले. त्यांच्या नावाने जयंत्या करणाऱ्या सरकारांनी कॉम्प्युटरवर बसणाऱ्याला 'मानधन' हा शब्द चिकटवून कामगार म्हणूनच नाकारले.

मग करायचे काय? परिचालकाला ग्रामपंचायतीचा कर्मचारी म्हणून आकृतिबंधात घ्या, ही त्यांच्या संघटनेची मागणी रास्त आहे. ते पद निर्माण झाले की तिथे आरक्षणही आले पाहिजे. सर्व्हर बंद असेल त्या दिवशी आलेल्या अर्जदाराला तारखेची पोच मिळाली पाहिजे, म्हणजे मुदत चुकल्याचा भुर्दंड गरिबाला बसणार नाही. आणि अंगठा उमटत नसेल तर दुसरा मार्ग खिडकीवरच उपलब्ध हवा, तालुक्याच्या चकरा नकोत.

चळवळीतील कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. उद्या गावात सर्व्हर बंद पडेल, तेव्हा त्या पोरावर ओरडू नका. त्याच्याकडून किती दिवस बंद होता ते लिहून घ्या, गावकऱ्यांच्या सह्या घ्या आणि तो कागद घेऊन गटविकास अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत जा. लढाई खिडकीच्या आतल्याशी नाही. आतला आणि बाहेरचा दोघेही एकाच रांगेत उभे आहेत, हे ज्या दिवशी दोघांना कळेल, त्या दिवशी व्यवस्थेला उत्तर द्यावेच लागेल.