घटातलं पिवळं धन

वर्गातली प्रयोगशाळा : भाग ४

मागच्या आठवड्यात ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे १०० दाणे मांडून आपण उगवणक्षमता मोजली. बियाणं उगवेल की नाही, एवढंच त्यातून कळतं. उगवल्यावर रोप कशावर वाढतं, हा आजचा प्रश्न. त्याचा प्रयोग मराठवाड्यात घरोघरी दर नवरात्रात मांडलेलाच असतो.

घट बसवताना पत्रावळीवर काळी माती पसरतात, तीत गहू किंवा सात धान्यं पेरतात आणि मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट ठेवतात. घट झिरपत राहतो, म्हणून मातीची ओल टिकते. छत्रपती संभाजीनगरात कर्णपुऱ्याची यात्रा भरात येते, तोवर अंधाऱ्या देवघरातलं धन, म्हणजे घटाभोवती उगवलेली रोपं, चांगलं उंच झालेलं असतं. रंग मात्र पिवळट.

हा पिवळेपणा रोग नव्हे. गव्हाच्या पानात हरितद्रव्य तयार होण्याची शेवटाकडची एक पायरी उजेडाशिवाय पार पडत नाही. ते नसलं की पानातली पिवळी रंगद्रव्यं दिसतात. मातीखालच्या कोंबाला आधी उजेड गाठायचा असतो, म्हणून अंधारात तो सगळी ताकद लांब होण्यात घालतो. ही ताकद येते दाण्यात साठलेल्या पिठातून.

शाळांमध्ये उजेड-अंधारातल्या रोपांचा हा प्रयोग बहुधा उंची मोजून संपतो, आणि मला ते फार खटकतं. अंधारातलं रोप उंच निघतं, मग मुलांनी काय समजायचं? अंधारात वाढ चांगली होते? खरी गंमत वजनात आहे.

एकाच पोत्यातल्या गव्हाचे १०० दाण्यांचे तीन वाटे करा. एक वाटा कोरडाच ठेवा. उरलेले दोन ताटल्यांत ओल्या फडक्यावर पसरा. माती नको, मुळांना चिकटली तर वजन चुकेल. एक ताटली खिडकीत, दुसरी खोक्याखाली. पाणी दोन्हींना सारखं. नवव्या दिवशी मुळांसकट, न उगवलेल्या दाण्यांसकट सगळं उचला आणि तिन्ही वाटे एकाच उन्हात कडकडीत वाळवा.

अंधारातली उंच रोपं वाळल्यावर कोरड्या दाण्यांपेक्षाही हलकी भरतात. दाण्यातलं पीठ श्वसनात खर्च झालं, त्यातला कार्बन वायू होऊन हवेत गेला. खिडकीतली रोपं बुटकी, तरी त्यांच्यापेक्षा जड. कारण हिरव्या पानांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी घेऊन नवं अन्न बनवलं. शेतातल्या पिकाचं कोरडं वजनही बहुतांशी असंच हवा-पाण्यातून येतं, मातीतून अगदी थोडं. सातवी-आठवीच्या मुलांना हे पाठ करायला लावण्याऐवजी मोजू द्यावं.

गव्हाचे १०० दाणे जेमतेम चार ग्रॅमचे, त्यामुळे किराण्याच्या काट्यावर फरक दिसणार नाही. शाळेत बारीक काटा नसेल तर गुरुजींनी, बाईंनी गावातल्या सराफाला विनंती करावी आणि वजन करताना मुलांना सोबत न्यावं.