बॅटरी आली, पातं तेच राहिलं

अमेरिकेत वसंत सरत आला की शनिवारी सकाळी गल्लोगल्ली लॉन मोअरची घरघर सुरू होते. हल्ली तिच्या जोडीला वादही असतो: यंत्र पेट्रोलचं घ्यावं की बॅटरीचं? कॅलिफोर्नियाने २०२४ च्या मॉडेलपासून छोट्या इंजिनांना शून्य उत्सर्जनाची अट घातली आणि सगळी चर्चा या एका प्रश्नाभोवती फिरू लागली. धूर कमी व्हायलाच हवा. पण राइडिंग मोअरवर, म्हणजे बसून चालवायच्या यंत्रावर, माणसं मरतात ती उलटलेल्या यंत्राखाली आणि फिरत्या पात्याखाली. या दोन्ही बाबतींत बॅटरीने काहीही बदललेलं नाही.

तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने आपल्या एका जुन्या सूचनापत्रकात वर्षाला सुमारे ७५ मृत्यू आणि २०,००० जखमी असा अंदाज दिला होता. दर पाच मृत्यूंमागे एक लहान मुलाचा. पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपर्यंत चालतो, म्हणजे ताशी जवळपास ३५० किलोमीटर. त्या वेगाने उडालेला खडा कुठे जाऊन लागेल ते चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही.

आता कायद्याकडे पाहा. मागून चालत ढकलायच्या मोअरला १९८२ पासून केंद्र सरकारचा सक्तीचा नियम आहे: हँडल सोडलं की तीन सेकंदांत पातं थांबलंच पाहिजे. त्याहून कितीतरी जड, वेगवान आणि रुंद पात्यांच्या राइडिंग मोअरला मात्र कंपन्यांनी आपण होऊन पाळायचं मानक लागू आहे. ही तफावत चार दशकं टिकून राहावी, हे समजण्यापलीकडचं आहे.

सगळ्यात भीषण अपघात रिव्हर्समध्ये होतात. चालवणारा मान वळवून मागे पाहतो तेव्हा त्याला कुंपण दिसतं, झाड दिसतं. यंत्राला लागून उभं असलेलं तीन वर्षांचं मूल दिसत नाही. म्हणूनच नव्या यंत्रांत रिव्हर्स टाकला की पातं बंद पडण्याची सोय असते. पण त्याच यंत्रावर ती सोय बाजूला सारण्याची चावी किंवा बटणही दिलेलं असतं, आणि घाईच्या माणसाला ते पहिल्या दिवशी सापडतं. काही जण तर सीटखालचा स्विच वायरने जोडून टाकतात, म्हणजे उठलं तरी इंजिन चालूच. दुरुस्तीला आलेल्या अशा यंत्राचा स्विच पूर्ववत केल्याशिवाय कुणाही मेकॅनिकने ते परत देऊ नये.

यंत्रासोबतच्या माहितीपुस्तिकेत एक इशारा असतो, तो घराघरात मोठ्याने वाचला जावा असा आहे: ज्या मुलाला एकदा मोअरवर बसवून फिरवलं, ते पुढच्या वेळी त्याच फेरीच्या ओढीने धावत येऊ शकतं. न्यू जर्सी किंवा टेक्सासच्या उपनगरांतल्या मराठी घरांत उन्हाळ्यात आजी-आजोबा आलेले असतात, आणि मांडीवर बसून फेरी मारायचा नातवंडांचा हट्ट मोडवत नाही. तो मोडायला हवा. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सचा सल्ला नेमका आहे: १६ वर्षांखालच्या मुलाने राइडिंग मोअर चालवू नये, आणि गवत कापणं सुरू असताना सहा वर्षांखालची मुलं घरात असावीत. बॅटरीचं यंत्र कमी आवाज करतं, त्यामुळे ते जवळ आल्याचं पोराला कळणंही उशिरा घडतं.

दुसरा शत्रू उतार. बहुतेक पुस्तिका १५ अंशांची मर्यादा देतात, म्हणजे १० फूट आडव्या अंतराला जेमतेम पावणेतीन फूट चढ. नजरेला हा उतार किरकोळ वाटतो. नेहमीच्या स्टिअरिंगच्या मोअरने उतारावर वर-खाली जावं, आडवं नाही. जागच्या जागी वळणाऱ्या झिरो-टर्न यंत्राची गोष्ट आणखी नाजूक आहे: त्याची पुढची चाकं नुसती गरगर फिरणारी असतात, वळणं आणि थांबणं दोन्ही मागच्या चाकांवर. ओल्या गवतावर ती घसरली की स्टिअरिंगही गेलं आणि ब्रेकही. तळं, नाला किंवा बांधाच्या कडेचा पट्टा या यंत्राने कापूच नये. मागची संरक्षक कमान उभी असेल तर सीटचा पट्टा बांधायचाच. कमान दुमडलेली असेल तर बांधायचा नाही, कारण उलटताना उडी मारायला वाव लागतो.

गवत चांगलं कापणं त्या मानाने सोपं. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त छाटू नये. नाहीतर मुळं कमजोर होतात. गवताची टोकं दोन दिवसांत तपकिरी पडली तर यंत्राचं पातं बोथट झालंय, ते गवत कापत नाही, फाडतंय. सुरुवातीला दगड, काठ्या, खेळणी उचलायची. बहुतेक यंत्रं कापलेलं गवत उजवीकडे फेकतात, म्हणून कडेच्या पहिल्या दोन फेऱ्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने माराव्यात. गवत आत पडतं, फुलांच्या वाफ्यात किंवा रस्त्यावर जात नाही. मधे खडीची वाट आली तर ती ओलांडण्याआधी पातं बंद करायचं, आणि ते पूर्ण थांबेपर्यंत खडीवर चाक घालायचं नाही.